बी घेण्याआधी ऊन मोजा: मुंबईतल्या घरगुती भाजीबागेचं नियोजन

मुंबईत घरी लावलेली भाजी फसली की दोष बियाण्याला दिला जातो, नाहीतर "आमच्या हाताला यशच नाही" असं म्हणून विषय संपवला जातो. खरी कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. कुंडी ठेवली तिथे पुरेसं ऊन येत नव्हतं, किंवा पेरणीची तारीख चुकली होती. जुलैत गच्चीवर उघड्यावर पालक पेरला, तो सडला. जानेवारीत टोमॅटोचं बी टाकलं, मार्चमध्ये झाड फुलांनी भरलं आणि सगळी फुलं गळून गेली. यात बी निर्दोष होतं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी ऊन, मग तारीख, मग कुंडी, आणि त्यानंतर बियाण्याचं दुकान.

ऊन मोजणं

सुट्टीच्या दिवशी एक कागद घ्या आणि सकाळी ८, १०, १२, दुपारी २, ४ आणि साडेपाच अशा वेळी नोंद करा. जिथे झाडाचा शेंडा येणार आहे तिथे हात धरायचा. हाताची कडा स्पष्ट दिसेल अशी सावली पडली तर ते थेट ऊन. सावली पुसट असेल तर तो फक्त उजेड, तो हिशेबात धरायचा नाही. कठड्यावर ऊन आहे आणि कठड्याच्या आत जमिनीवर नाही, असं मुंबईच्या बाल्कन्यांमध्ये सर्रास असतं. म्हणून मोजमाप कुंडीच्या जागीच घ्या.

हे एकदा मोजून भागत नाही, कारण सूर्य वर्षभर सरकत असतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवर, म्हणजे बऱ्यापैकी खाली असतो. मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो, जुलैच्या शेवटी पुन्हा डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात किंचित उत्तरेकडे असतो. याचा बाल्कनीवर परिणाम असा:

दक्षिणेकडची बाल्कनी ही हिवाळ्याची बाग. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन पार खोलीच्या दारापर्यंत येतं. मे-जूनमध्ये मात्र वरच्या मजल्याचा स्लॅब ते अडवतो आणि कुंड्या दिवसभर सावलीत राहतात. टोमॅटो, वांगी, घेवडा यांना हिच्याइतकी चांगली जागा नाही, पण उन्हाळी भेंडी हिच्यात लावू नये.

पूर्वेकडे वर्षभर सकाळचं तीन-चार तास ऊन मिळतं. ते कोवळं असल्यामुळे सगळ्या पालेभाज्या इथे बऱ्या येतात.

पश्चिमेला दुपारी एकनंतरचं कडक ऊन आणि वर तापलेल्या भिंतीची धग. भेंडी, गवार, चवळी, वांगी हे सोसतात. कोथिंबीर मार्चनंतर इथे आठवड्याभरात फुलावर जाते.

उत्तरेकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी थेट ऊन जवळपास नसतंच. इथे अळू, पुदिना, पानओवा एवढ्यावर समाधान मानावं. उत्तरेच्या खिडकीत टोमॅटो लावायचा हट्ट कितीही खत घालून पुरा होत नाही.

समोर टॉवर उभा असेल तर हे सगळे नियम त्याच्या सावलीपुरते बाद, तिथे फक्त कागदावरची नोंद खरी.

पालेभाज्यांना किमान तीन-चार तास थेट ऊन लागतं. मुळा आणि घेवडा यांना चार-पाच, मिरचीला पाच, टोमॅटो, वांगी, भेंडी आणि सगळे वेल यांना सहा तास किंवा जास्त. चार तासांत टोमॅटोचं झाड वाढतं, हिरवंगार दिसतं, पण लांबुळकं होतं आणि फळ धरत नाही. घरच्या बागेतली ही सगळ्यात मोठी फसगत, कारण झाड "छान" दिसत असल्यामुळे लोक तीन महिने वाट पाहतात.

गच्ची मिळत असेल तर उन्हाचा प्रश्न सुटतो, पण दुसरे उभे राहतात. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि कुंड्या स्लॅबवर थेट न टेकवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे खाली पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही. खालच्या मजल्यावर ओल आली की कारण काहीही असो, बोट कुंड्यांकडेच दाखवलं जातं. वीस लिटरची कुंडी माती आणि पाण्यासकट सहज २० ते २५ किलो भरते, म्हणून जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता कडेच्या भिंतीलगत, बीमच्या रेषेत ठेवाव्यात. खिडकीच्या ग्रिलमध्ये पाच-सहा किलोपेक्षा जड काही नको, आणि जे ठेवाल ते तारेने बांधा. पावसाळी वाऱ्यात चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी जीवघेणी असते.

तारीख उलटी मोजायची

पेरणी कधी करायची हे आज वेळ आहे का यावरून ठरत नाही. झाडाला फूल किंवा पान कोणत्या हवेत यायला हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

टोमॅटोचं उदाहरण घेऊ. रात्रीचं तापमान साधारण २१-२२ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोचं परागीभवन बिघडतं आणि फुलं गळतात. मुंबईत तेवढ्या थंड रात्री डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मिळतात. कुलाब्याच्या बाजूला समुद्रामुळे रात्री उबदार राहतात, त्यामुळे हा काळ आणखी आखूड. बोरिवली, मुलुंडकडे दोन-तीन अंशांनी गारवा जास्त, म्हणून तिथे थोडी सवलत. आता मागे मोजा. पहिली फुलं डिसेंबरच्या सुरुवातीला हवीत. रोप लावल्यापासून फुलाला महिना लागतो, म्हणजे लावणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, म्हणजे बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालेल. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मोठ्या फळाच्या टोमॅटोचं बी टाकू नये. उशीर झालाच असेल तर चेरी टोमॅटो लावा, तो उष्णतेत तुलनेने बरा टिकतो.

वांगी आणि मिरची रोपावस्थेत जास्त रेंगाळतात, ३५ ते ४५ दिवस घेतात. त्यांचं बी ऑगस्टच्या शेवटी टाकलं की रोपं ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस ओसरताना, लावायला तयार होतात. मेच्या मध्यात बी टाकून जूनअखेरीस लावणी करण्याचीही पद्धत आहे. पण घरच्या कुंडीत पावसाचा मारा आणि मर रोग (ज्यात झाड अचानक कोमेजून मरतं) यांमुळे त्यातली निम्मी रोपं जातात, तेव्हा पहिल्या वर्षी तरी हा खटाटोप नको.

दोडका, कारली, काकडी, पडवळ यांचा जुना मुहूर्त मृग नक्षत्राचा, म्हणजे ७-८ जूनच्या आसपासचा, आणि तो बरोबर आहे. फक्त मुंबईचा पहिला मोठा पाऊस उघड्या कुंडीतलं बी उकरून वाहून नेतो. म्हणून जूनच्या पहिल्या दिवसांत कागदी कपात, छपराखाली बी लावावं आणि दोन खरी पानं (बियातून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची) आल्यावर कपासकट मोठ्या कुंडीत उतरवावं. वेलवर्गीय रोपांची मुळं हलवलेली चालत नाहीत, उपटून लावलेलं रोप पंधरा दिवस रुसून बसतं. दुसरा हंगाम जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत.

भेंडी जूनमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पहिली भेंडी ४५ ते ५० दिवसांत निघते. डिसेंबर-जानेवारीत पेरलेली भेंडी उगवायला वेळ लावते आणि खुजी राहते.

मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा यांचा काळ हस्त नक्षत्रापासून, म्हणजे २७ सप्टेंबरच्या सुमारापासून, फेब्रुवारीपर्यंत. लाल माठ एकटा असा की जुलैचा धुवाधार पाऊस सोडला तर वर्षभर येतो, एप्रिल-मेच्या घामट हवेत तर तोच घर सांभाळतो. रेल्वेच्या रुळांलगत जिथे अजून भाजीचे वाफे आहेत, तिथे लोकलमधून जाता-येता नजर टाका. उन्हाळ्यात माठ आणि भेंडी, थंडीत पालक आणि मुळा. ज्याचं पोट त्या वाफ्यावर आहे तो चुकीच्या महिन्यात बी फुकट घालवत नाही.

घेवडा ऑक्टोबर ते जानेवारी. गावठी वालाची गंमत वेगळी: तो दिवस लहान झाल्यावरच फुलतो. जूनमध्ये लावलात तर तो चार महिने नुसता ग्रिल व्यापतो आणि शेंगा थंडीतच देतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावा, जागाही वाचते.

फ्लॉवर, मटार, गाजर यांच्या वाटेला घरी जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत. गड्डा धरायला किंवा शेंग भरायला जी थंडी लागते ती मुंबईत नाही. एका फ्लॉवरसाठी कुंडी तीन महिने अडवण्यापेक्षा त्याच जागेत मेथीची तीन पिकं निघतात.

किती लावायचं

दोन मिरच्यांची झाडं चार माणसांच्या घराला पुरून उरतात. वांग्याची दोन, टोमॅटोची चार झाडं ठीक. भेंडीचा हिशेब मात्र लोकांना अंदाज न आल्यामुळे चुकतो. एक झाड साधारण दिवसाआड एक भेंडी देतं आणि एका वेळच्या भाजीला पंधरा-वीस भेंड्या तरी लागतात. तोडलेली भेंडी फ्रिजमध्ये चार दिवस जमवत गेलात तरी आठ-दहा झाडांखाली भाजी होत नाही. दोन झाडं लावून आठवड्याला सहा भेंड्या हातात घेऊन बसण्यापेक्षा, जागा नसेल तर भेंडी लावूच नये. गवारीचंही तसंच.

पालेभाजी एकदम पेरली की एकदम तयार होते आणि मग पंधरा दिवस काहीच नसतं. म्हणून ट्रेचे तीन भाग करून दर दहा-बारा दिवसांनी एक भाग पेरावा. एक चौरस फूट जागेला मेथीचे ५ ग्रॅम दाणे, धणे ५ ग्रॅम, पालकाचं बी २ ते ३ ग्रॅम, माठाची दोन बोटांची चिमूट. मुळा मात्र मोजून, एका चौरस फुटात नऊच.

अगदी नवख्या माणसाने समुद्र मेथीपासून सुरुवात करावी. बाजारात मुळांसकट लहान जुड्यांत येते तीच. चार इंच खोल ट्रेमध्ये धुतलेली जाड रेती आणि थोडं गांडूळखत घालून चौरस फुटाला १० ते १२ ग्रॅम मेथी दाट पेरायची, सहा-आठ तास भिजवून. बारा-पंधरा दिवसांत काढायला येते. खाऱ्या वाळूची गरज नाही. किनाऱ्यावरची वाळू आणून वापरली तर मिठाने कोंब जळतात.

कुंडी आणि माती

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते. हापूसच्या लाकडी पेट्या मे महिन्यात फुकट मिळतात. आतून गोणपाट लावलं की एक हंगाम निघतो. मुळ्याला एक फूट खोली लागते. मिरचीला ८ ते १० लिटर, भेंडीला एका झाडामागे १० लिटर, टोमॅटो आणि वांग्याला १५ ते २० लिटर, काकडी-कारल्याला २० ते २५. दुधीला ४० लिटरचा पिंप असेल तरच हात घाला. रंगाच्या रिकाम्या बादल्या चांगल्या, तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडून.

मुंबईच्या नर्सरीत मिळणारी लाल माती एकटी वापरली तर पाण्याने थापली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. दोन भाग लाल माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि वीस लिटरला मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कोकोपीट भिजवून पहिलं पाणी टाकून द्यायचं, त्यात क्षार असतात. मागच्या वर्षीची माती मे महिन्यात पारदर्शक प्लास्टिकखाली ओलसर करून तीन-चार आठवडे उन्हात तापवली की बुरशी आणि अळ्यांची अंडी बऱ्याच अंशी मरतात. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते झाडांना घालू नका, पालिकेचंच पाणी द्या.

कोणतं बी: गावठी, सुधारित की संकरित

गावठी किंवा सुधारित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तीच भाजी येते. सुधारित म्हणजे विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी निवडून स्थिर केलेले वाण. संकरित, म्हणजे पाकिटावर "एफ-१" लिहिलेलं बी, दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून येतं. त्याचं उत्पन्न जास्त, झाडं एकसारखी. पण त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढची पिढी विस्कटते, एक झाड आंबट लहान फळांचं, दुसरं रोगट, तिसरं बरं. बाजारातला टोमॅटो चिरून त्याचं बी लावलं की जे वेगवेगळं येतं त्याचं कारण हेच. बाजारातला बहुतेक टोमॅटो संकरितच असतो.

संकरित वाईट आणि गावठी चांगलं असा सरसकट निकाल देऊ नये. पालेभाज्या, घेवडा, वाल, चवळी यांत सुधारित किंवा गावठीच घ्यावं, कारण फरक फारसा पडत नाही आणि बी घरचं धरता येतं. टोमॅटोत मात्र चित्र वेगळं आहे. पर्णगुच्छ विषाणू, ज्याने पानं आखडून गोळा होतात, आणि जिवाणूजन्य मर या दोन रोगांनी कोकणपट्टीत घरचे टोमॅटो जातात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण या दोन्हींना आणि लवकर येणाऱ्या करप्यालाही प्रतिकार करतो. चार झाडांसाठी असं रोगप्रतिकारक बी घेणं शहाणपणाचं. पुसा रुबी हा जुना सुधारित वाण चवीला आंबट-गोड आणि आमटीला उत्तम, पण रोगाला सोपा बळी पडतो.

पाकीट निवडताना झाडाची ठेवणही बघा. टोमॅटोत झुडपी आणि उंच वाढत जाणारा असे दोन प्रकार असतात. बाल्कनीला झुडपी, गच्चीला उंच. घेवड्यातही झुडपी वाण, जसा कंटेंडर, कुंडीत आधाराशिवाय राहतो, तर वेलाच्या घेवड्याला सहा फुटांची जाळी लागते.

आणखी काही नावं, जी दुकानात मागता येतील. भेंडीत अर्का अनामिका आणि परभणी क्रांती. दोन्ही केवडा, म्हणजे पिवळ्या शिरांचा रोग, सोसणारे म्हणून आले. परभणी क्रांतीचा तो प्रतिकार आता पूर्वीइतका राहिलेला नाही, म्हणून हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावंच लागतं. मिरचीत पुसा ज्वाला, किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती. कारल्यात त्याच विद्यापीठाचं कोकण तारा, आखूड फळांचं. दोडक्यात कोकण हरिता. हे दोन दमट हवेसाठीच निवडलेले असल्यामुळे मुंबईला उत्तरेकडच्या वाणांपेक्षा जवळचे. मुळ्यात पुसा चेतकी, तो उष्णता सोसतो. ज्यांच्या पाकिटावर हिवाळी किंवा युरोपीय मुळा लिहिलंय ते मुंबईत मूळ न धरता नुसता पाला वाढवतात. पालकात ऑल ग्रीन. मेथीत साधी मेथी घ्या, कसुरी मेथी सावकाश वाढते आणि तिला जास्त थंडी लागते.

उंच मजल्यावर राहत असाल तर वेलवर्गीय बी घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: सकाळी उठून फुलांचं परागीभवन हाताने करायची तयारी आहे का? या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नराला नुसता देठ. मधमाशी पोचत नसेल तर ते फळ पिवळं पडून गळतं. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवायचे. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, नोकरदारांना तेच सोयीचं. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, घेवडा यांना ही भानगड नाही, फार तर फुलांच्या दिवसांत फांदी हलकेच हलवायची.

पाकीट वाचायला शिका

चित्राकडे बघू नका, मागची बाजू बघा. तिथे वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख असायला हवी. निळी खूणचिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणं, हिरवी म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेलं. चाचणीपासून वैधता साधारण नऊ महिने असते. किमान उगवण टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरची, पालक आणि वेलवर्गीय यांना ६० ठरलेली आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतून सहा उगवल्या तर दुकानदाराशी भांडायला जागा नाही, तेवढं गृहीत धरूनच बी टाकावं.

सुट्ट्या कागदी पुड्यांत, तारखेविना मिळणारं "किचन गार्डन कॉम्बो" टाळा. पंचवीस प्रकारांच्या त्या संचात निम्मे मुंबईत न येणारे असतात आणि उरलेल्यांची तारीख कळत नाही. रस्त्यावर उन्हात टांगलेली पाकिटंही नकोत, बियाणं आतल्या आत मरतं.

बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्यावर बुरशीनाशक आहे. पेरायला ते उत्तमच, पण हाताळल्यावर हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा, आणि असं बी मोड काढून किंवा मायक्रोग्रीन्ससाठी (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) कधीही वापरू नका.

खरेदीसाठी भायखळ्याला राणीबागेच्या परिसरातली बियाण्यांची जुनी दुकानं, किंवा पालिकेचं राणीबागेतलं वार्षिक झाडा-फुलांचं प्रदर्शन. ते जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतं, म्हणजे उन्हाळी भेंडी आणि वेलांचं बी घ्यायला वेळ अगदी बरोबर. अर्का वाणांचं बी संशोधन संस्था ऑनलाइनही विकते. शेतकऱ्यांची पाकिटं मोठी असतात. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया, म्हणजे दहा ग्रॅमचं पाकीट घेतलंत तर अख्ख्या सोसायटीला पुरेल. तीन-चार घरांनी मिळून घ्यावं आणि लॉट नंबर, तारीख प्रत्येक पुडीवर लिहून वाटावं.

किराणा दुकानातलंही थोडं चालतं. मेथी, मोहरी, राजगिरा, अख्खी चवळी, वाल बहुधा उगवतात. धणे नवीन आणि हिरवट असतील तर. ते लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी कराव्यात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. भाजलेले किंवा पॉलिश केलेले चालत नाहीत.

उगवण तपासा, मग पेरा

पेरणीच्या दोन आठवडे आधी, म्हणजे बी मेलेलं निघालं तर दुसरं आणायला वेळ राहतो. दहा बिया ओल्या, पण पिळलेल्या टिश्यू पेपरवर ठेवा, गुंडाळी करून डब्यात झाकून ठेवा, रोज एकदा उघडून हवा द्या. मेथी दोन-तीन दिवसांत, मुळा आणि माठ तीन-चार, भेंडी चार ते सहा, टोमॅटो सहा ते आठ, मिरची आणि धणे आठ ते बारा दिवसांत कोंब दाखवतात. सात-आठ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा. चार-पाच उगवल्या तर दुप्पट टाका. त्याखाली असेल तर पाकीट फेकून द्या. मरतुकड्या बियाण्यातून उगवलेली रोपंही कमजोरच निघतात.

कारलं, पडवळ आणि दोडक्याच्या बियांचं कवच टणक असतं. नखं कापायच्या कटरने टोकाकडचा किंचित भाग उडवा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यात. भेंडी आणि पालक आठ-दहा तास भिजवून. टोमॅटो, वांगी, मिरची, माठ भिजवायची गरज नाही.

पेरणीची खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून जास्त नाही. माठ आणि टोमॅटो खोल गेले तर उगवतच नाहीत. माठावर माती न घालता कोकोपीटची नुसती पातळ चाळण पुरते. रोपांच्या ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत. उगवलेली रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी झाली तर ती कोलमड, बुरशीचा रोग. पाणी जास्त आणि हवा कमी यामुळे येतो, बियाण्यामुळे नव्हे. पेरण्याआधी बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची पूड) चोळावा, पाणी फक्त सकाळी द्यावं, ट्रे झाकून ठेवू नये. रोपं पांढुरकी, लांब आणि एका बाजूला झुकलेली दिसली तर उजेड कमी पडतोय.

आणि कबुतरं. पहिली दोन पानं आली की सकाळी ट्रे साफ झालेला दिसतो. पेरल्याच दिवशी जाळी लावा.

उरलेलं बी

मुंबईची दमट हवा बियाण्याची सगळ्यात मोठी शत्रू. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणून उघडलेलं पाकीट स्वयंपाकघराच्या खणात ठेवू नका. पाकीट दुमडून, तारीख लिहून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाका, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. अशी ठेवल्यास टोमॅटो, वांगी, वेलवर्गीय तीन-चार वर्षं टिकतात, मिरची आणि भेंडी दोन वर्षं. कांद्याचं बी पुढच्या वर्षावर ठेवू नये.

घरचं बी धरायचं असेल तर घेवडा, वाल, माठ यांपासून सुरुवात करा. सगळ्यात निरोगी झाड निवडून त्याच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. वेलवर्गीयांत शेजारच्या वाणाशी संकर होतो, ते नंतर. सावलीत आठवडाभर वाळवा. दातांनी चावल्यावर खूण उमटली तर बी अजून ओलं आहे.

फ्रिजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नका. बाहेरची ओली हवा थंड बियांवर दव धरते आणि वर्षभराची मेहनत एका मिनिटात जाते. बरणी झाकणासकट चार-पाच तास बाहेर ठेवा, मग उघडा, हवं तेवढं बी काढा आणि परत बंद करा.